अर्थिंगची पिन काढली, आवाज गेला... आता?

प्रश्न : अ‍ॅम्प्लिफायरला कॉम्प्युटर जोडला की स्पीकरमधून सतत घूंऽऽ आवाज यायचा. मित्र म्हणाला अ‍ॅम्पच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढून टाक. काढली, आवाज गायब! असंच ठेवलं तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. आधी प्लग बदला, मग पुढचं वाचा. आवाज गेला हे खरंय, पण का गेला ते बघा ना, अ‍ॅम्पला अर्थिंग, कॉम्प्युटरलाही अर्थिंग, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ केबलची शील्ड (आतल्या तारेभोवतीची धातूची जाळी), म्हणजे वायरचं एक बंद कडं झालं, यालाच ग्राउंड लूप म्हणतात. दोन सॉकेटच्या अर्थमधे थोडासा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी कड्यातून करंट फिरतो आणि घरातल्या विजेचा 50 हर्ट्झचा (काही देशांत 60) आवाज स्पीकरमधे घुमतो. तुम्ही कडं तोडलंत, पण नको तिथे तोडलंत. आता अ‍ॅम्पच्या बॉडीला अर्थिंग मिळतंय ते फक्त त्या बारीक शील्डमधून, कॉम्प्युटरमार्गे. उद्या आत फेजची वायर सुटून बॉडीला टेकली तर सगळा करंट तिथूनच जाणार, शील्ड जळणार, आणि केबल काढलेली असेल तर फ्यूजसुद्धा उडणार नाही, बॉडी लाइव्ह आहे हे कोणी हात लावेपर्यंत कळायचंही नाही. घरात 30 मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) असेल तर छानच, पण तो अर्थिंगची बदली नाही.

मग आवाजाचं काय? दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. नाहीच भागलं तर ऑडिओ केबलच्या मधे 1:1 ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (वायर थेट न जोडता सिग्नल पुढे देणारा) टाका, कडं तिथे तुटतं आणि अर्थिंग शाबूत राहतं. सेटटॉप बॉक्स जोडलेला असेल तर त्याची डिश किंवा केबलची वायर क्षणभर काढा, अर्थ तिकडूनही येतो, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. आणि सगळ्या इनपुट केबल काढूनही घुमतंच असेल तर लूपचा काही संबंध नाही, बहुतेक पॉवर सप्लायचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) थकलेत. तेव्हा स्वतः उघडायची हौस नको, ट्यूब अ‍ॅम्पमधे प्लग काढल्यावरही 300-400 व्होल्ट साठून राहू शकतात.

प्रश्न : टू पिनवाला प्लेअर आहे, बॉडीवरून बोट फिरवलं की झिणझिण्या येतात. घाबरायचं का?

उत्तर : मागच्या लेबलवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का बघा. असेल तर तो डबल इन्सुलेशनचा, त्याला अर्थिंग लागतच नाही. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून एक मिलिअँपपेक्षाही कमी करंट बॉडीवर येतो, तोच बोटाला जाणवतो, टेस्टरही मिणमिणता पेटतो. पण झिणझिण्या नसून चांगला झटकाच बसत असेल, किंवा ती खूणच नसेल, तर प्लग काढा आणि आधी तपासून घ्या.

प्रश्न : टर्नटेबलसोबत एक सुटी बारीक वायर आलीय, ती सॉकेटच्या अर्थिंगला जोडू का?

उत्तर : अजिबात नाही. ती सिग्नलच्या ग्राउंडची, अ‍ॅम्पच्या मागे जीएनडी लिहिलेला स्क्रू असतो तिथे लावा.