आधी गाठी स्वच्छ म्हणाले, मग कॅन्सर आला कुठून?

"ऑपरेशनच्या वेळी काखेतल्या गाठी क्लिअर सांगितल्या आणि आठ दिवसांनी रिपोर्टमध्ये कॅन्सर!" स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसले.

पिको-फॉलचं दुकान चालवणाऱ्या एक ताई आल्या होत्या. (ओळख बदलली आहे.) रिपोर्ट चार घड्या करून पर्समध्ये इतका दाबलेला, की घडीवरची अक्षरं पुसट झाली होती. "आठ दिवसांत पसरला का हो, मॅडम?"

मी समजावलं. ऑपरेशन चालू असताना काखेतली गाठ, म्हणजे लसिकाग्रंथी, गोठवून तिच्या मोजक्याच चकत्या घाईने बघतात, ते फ्रोझन. सर्जनला तिथल्या तिथे निर्णय घ्यायला ते मोलाचं, पण कॅन्सरच्या पेशींचा बारीक पुंजका त्यातून निसटू शकतो. नंतर तीच गाठ मेणात बसवून, पातळ चकत्या रंगवून निवांत तपासतात. शंका आली तर सायटोकेरॅटिन या पेशींतल्या प्रथिनाची तपासणी करतात, त्यात लपलेल्या पेशी उठून दिसतात. याला काही दिवस लागतातच.

ताई माना डोलवत होत्या. चेहरा मात्र तसाच. तिसऱ्या भेटीत मी समजावणं सोडून दिलं. "समजा, आठ दिवसांत पसरला. मग दोष कुणाचा?"

बराच वेळ गेला.

"माझा. चाकू लावू नकोस, हवा लागली की पसरतो, असं सासूबाई सांगत होत्या. मीच हट्ट धरला."

रिपोर्टपेक्षा त्याचा लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे मी कायम मानत आलेय. तो अर्थ सापडेपर्यंत कितीही माहिती द्या, ती आत उतरत नाही.

"साडीवरचा डाग तुम्हाला कधी दिसतो?"

"घडीत नाही दिसत. फॉल लावायला उलगडून ट्यूबलाइटखाली धरली की..." त्या थांबल्या. "पण उलगडल्यामुळे तो पडलेला नसतो."

हे वाक्य त्यांना त्यांचं त्यांनाच सापडलं, याचं मला आजही समाधान आहे. मी मुद्दाम गप्प बसले. त्या मोकळेपणी रडल्या.

तुमच्याही हातात असा रिपोर्ट असेल, तर 'कोण चुकलं' याआधी डॉक्टरांना विचारा: किती गाठींत आहे? पुंजका किती मिलिमीटरचा? ०.२ ते २ मिमी म्हणजे सूक्ष्म प्रसार; ०.२ मिमीपर्यंतच्या विखुरलेल्या पेशी असतील तर ती गाठ बाधित धरतच नाहीत. उपचार यावर बदलतात. ताईंचा पुंजका ०.७ मिमीचा होता. हा आकडा त्यांनी पहिल्यांदा वाचला तो त्या दिवशी.

पुढच्या भेटीला त्या सासूबाईंना घेऊन आल्या. रिपोर्ट फाइलमध्ये सरळ लावलेला होता.