रस्त्यावरच्या चित्रकारांची रेकॉर्ड कव्हर्स जमवताना

रस्त्यावरच्या भिंतींवर चित्रे काढणाऱ्या कलाकारांनी केलेली रेकॉर्ड कव्हर्स जमवण्याकडे आपण वळलात याचा मनापासून आनंद झाला. सुरुवातीला एकाच चित्रकाराचा माग काढावा. कीथ हेरिंगने १९८३ साली गायक डेव्हिड बोवीच्या ‘विदाउट यू’ या गाण्याच्या रेकॉर्डसाठी केलेले किंवा बँक्सीने २००३ साली ब्लर या बँडच्या ‘थिंक टँक’ या अल्बमसाठी केलेले कव्हर हा उत्तम आरंभ ठरेल.

नवखे संग्राहक सर्वाधिक फसतात ते पुनर्मुद्रणाला मूळ आवृत्ती समजून. बास्किया या चित्रकाराचे चित्र असलेली ‘बीट बॉप’ ही रेकॉर्ड १९८३ साली मोजक्याच प्रतींत निघाली आणि पुढे पुन्हा छापली गेली, त्यामुळे केवळ चित्र पाहून पैसे देऊ नयेत. कव्हरच्या कण्यावरचा, म्हणजे बंद कडेवरचा, क्रमांक आणि रेकॉर्डच्या लेबलाभोवती कोरलेली अक्षरे प्रकाशित नोंदींशी ताडून पाहावीत.

दुसरे म्हणजे, कव्हरचा आणि रेकॉर्डचा दर्जा, म्हणजे ती किती चांगल्या अवस्थेत आहेत हे, स्वतंत्रपणे ठरतो. आपल्याला कव्हर हवे आहे, म्हणून कोपरे, कणा आणि आतल्या रेकॉर्डच्या घर्षणाने उमटलेले वर्तुळ यांची छायाचित्रे निःसंकोच मागावीत.

कव्हर्स उभीच ठेवावीत, पीव्हीसी प्लॅस्टिकऐवजी पॉलिप्रॉपिलीन प्लॅस्टिकची पिशवी वापरावी आणि मूळ प्रत उन्हात टांगू नये, कारण उडालेला रंग परत येत नाही. स्वाक्षरीच्या प्रतींचा विचार सध्या बाजूला ठेवावा. आधी नजर तयार होऊ द्यावी.