कॉइलओव्हर किट थांबवा, आधी पाटे उघडा

तुमची गाडी साठच्या दशकातली, चार दारांची. पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन हात) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंग. तक्रार अशी की वळणावर गाडी फार कलते, मोठ्या उंचवट्यावरून उतरली की होडीसारखी दोन-तीनदा हेलकावते, आणि एवढं मऊ असूनही बारक्या खड्ड्यांत मात्र दणके देते. बजेट बेताचं आहे, कॉइलओव्हर किटवर (शॉकभोवतीच स्प्रिंग बसवलेला संच) डोळा आहे, आणि जमलं तर गाडी दीड इंच खाली घ्यायचीय.

किट घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. या गाडीचं सस्पेन्शन मुळात कसं होतं, हे तुम्ही अजून अनुभवलेलंच नाही. तुम्ही चालवताय ते त्याचं पन्नास-साठ वर्षांत झिजलेलं, गंजलेलं, रबर सुकलेलं रूप आहे. त्याच्यावर नवं किट चढवणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं.

तुमच्याच तक्रारीकडे नीट बघा. गाडी एकाच वेळी मऊ आणि कडक कशी असेल? स्प्रिंग मऊ असेल तर खड्डा गिळायला हवा. कडक असेल तर हेलकावे कमी हवेत. दोन्ही एकत्र दिसलं की मला दोन वेगळे आजार दिसतात. हेलकावे म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक संपलेत. आणि बारक्या खड्ड्यांतला दणका बहुतेक वेळा पाट्यांच्या गंजातून येतो. पाट्यांची जुडी वाकताना प्रत्येक पान खालच्या पानावर सरकायला हवं. मध्ये गंज धरला की पानं एकमेकांना चिकटून बसतात. लहान धक्क्यात घर्षण मोडण्याइतकं बळच नसतं, त्यामुळे जुडी लोखंडाच्या पट्टीसारखी वागते आणि धक्का सरळ बॉडीत जातो. मोठा उंचवटा आला की घर्षण सुटतं, स्प्रिंग दबते, आणि मग तिला आवरायला शॉक नसतो. लोक दणका बसला की 'स्प्रिंग कडक झाल्या' म्हणतात. स्प्रिंग वयानं कडक होत नाही, झालीच तर बसते.

म्हणूनच गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा उसळते ते मोजायचं, या जुन्या परीक्षेवर मागच्या बाजूला विसंबू नका. गंजलेले पाटे आणि आवळून बसलेले बुश (सांध्यांतली रबरी आवरणं) शॉकचं काम करून दाखवतात आणि मेलेला शॉक पास होतो. शॉकची लिंक सोडवून तो हातानं वर-खाली करून बघा. दोन्ही दिशांना अखंड, संथ विरोध हवा. मध्येच हात रिकामा गेला तर तो शॉक गेलाय.

कशालाही पाना लावण्याआधी एक काम करा. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायर आणि हवा आकडा बिघडवतात. डाव्या-उजव्यात फार फरक असेल तर एक स्प्रिंग बसलीय. बहुधा चालकाच्या बाजूची, आणि ते साहजिक आहे.

आता पाटे. इथे पैसे कमी लागतात आणि घाम जास्त, म्हणून तुमच्यासारख्या बजेटला हेच काम सगळ्यात फायद्याचं. बॉडी भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा, अ‍ॅक्सलचं वजन वेगळ्या जॅकवर घ्या आणि एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली राहिली की कुठलं वॉशर कुठे होतं ते बघायला नमुना समोर असतो. जुडी बाहेर आली की सेंटर बोल्ट सोडण्याआधी ती मोठ्या व्हाइसमध्ये किंवा दोन सी-क्लॅम्पमध्ये पक्की धरा. पानांची कमान वेगवेगळी असते, बोल्ट निघताच ती उसळतात, आणि बोटं मध्ये असतील तर मग सस्पेन्शनचा विचार बरेच दिवस करता येत नाही. पानांवर खडूनं क्रमांक टाका. तारेच्या ब्रशनं गंज काढा, सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तडा आहे का ते उजेडात बघा. तडा असलेलं पान फेकायचंच, वेल्डिंग करायचं नाही. पुढची गोष्ट बरेच जण विसरतात. आखूड पानाचं टोक वरच्या लांब पानात वर्षानुवर्षं रुतून तिथे पायरी पाडतं. जुडी अडते ती नेमकी तिथे. टोकांच्या कडा ग्राइंडरनं गोल करा, पायरी घासून सपाट करा, आणि पानांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावून जोडा. यू-बोल्ट नवे घ्या. जुने ताणलेले असतात. काहीशे किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा आवळायचे.

पाटे खरंच बसले असतील तर पाटेवाल्याकडून कमान देऊन घ्या, पण दोन्ही बाजूंची एकत्रच. एखादं पान वाढवून घेण्याचा सल्ला मिळेल. गाडीत रोज ओझं नेणार नसाल तर नको.

त्यानंतर रबर. विशबोनचे बुश, शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बुश, अँटीरोल बारचे (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याचे) बुश, स्टीअरिंगचे जॉइंट. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, मग डावं-उजवं धरून हलवा. पहिल्यात प्ले (ढिलेपणा) असेल तर किंगपिन (पुढचं चाक वळताना ज्याभोवती फिरतं तो खिळा), बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. दुसऱ्यात असेल तर टाय रॉड एंड, स्टीअरिंग बॉक्स, किंवा पुन्हा बेअरिंगच. किंगपिनची गाडी असेल तर आधी ग्रीस गन मारून बघा. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत दर १००० मैलांना ग्रीस करायला सांगितलेलं असायचं, आणि पुढच्या मालकांनी ते वाचलेलं नसायचं.

बुश बसवताना मी केलेली चूक तुम्ही करू नका. माझ्या पहिल्या गाडीत मी सगळे नवे रबर बुश घातले, गाडी घोड्यांवर असतानाच सगळे बोल्ट पूर्ण आवळले आणि खुशीत फिरवायला नेली. थोड्याच महिन्यांत अर्धे बुश फाटले. दोष मी मालाला दिला, मालाचा काही नव्हता. बाहेरच्या आणि आतल्या धातूच्या नळीला रबर चिकटवलेले जे बुश असतात, त्यांत रबर फिरत नाही, पिळलं जातं. चाकं लोंबकळत असताना आवळलं की ती जागा बुशची 'सरळ' जागा ठरते, आणि गाडी जमिनीवर आली की ते कायमचे पिळलेले राहतात. शेवटचा आवळा गाडीचं वजन चाकांवर असतानाच द्यायचा. हाताला जागा मिळत नाही, पाठ मोडते, पण दुसरा मार्ग नाही.

पॉलीयुरेथेनचे बुश घ्यावेत का, हा प्रश्न येणारच. अँटीरोल बारच्या माउंटला जरूर घ्या, तिथे फरक लगेच कळतो. जिथे दांडा एकाच अक्षावर फिरतो तिथेही चालतात, पण सोबत दिलेलं सिलिकॉन ग्रीस लावूनच, नाहीतर दर खड्ड्याला किरकिर ऐका. पण जिथे बुशला फिरताना थोडं तिरकंही व्हावं लागतं तिथे रबरच बरं. पॉलीयुरेथेन तिथे अडकतो आणि ताण ब्रॅकेटवर जातो. रबरातही चांगला पर्याय कधी कधी मिळतो. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचे मालक साध्या गाडीच्या खालच्या विशबोनला तिच्याच जीटी व्ही-८ आवृत्तीचे बुश घालतात. मूळ मापातच बसतात आणि स्टीअरिंग लगेच नेमकं वाटतं. तुमच्या मॉडेलच्या वजनदार किंवा नंतरच्या आवृत्तीत काय लावायचे ते शोधा.

शॉकचं बघताना तुमच्या गाडीत लिव्हर-आर्म (तेलाचा डबा आणि बाहेर हलणारा हात) आहेत की टेलिस्कोपिक (नळीत सरकणारा दांडा), हे आधी पाहा, तुम्ही ते लिहिलेलं नाही. लिव्हर-आर्म असतील तर काढून टाकायची घाई नको. एमजीबी १९६२ पासून १९८० पर्यंत त्यांच्यावरच धावली, आणि तिच्या पुढच्या बाजूला शॉकचा हातच वरच्या विशबोनचं काम करतो. झाकण उघडण्याआधी भोवतालची माती पुसा, आत कण गेला तर व्हॉल्व्ह बिघडतो. पातळी कमी असेल तर शॉकचंच तेल भरा, थोडं जाड भरलंत तर हेलकावे आणखी आवरतात. ब्रेक ऑइल किंवा इंजिन ऑइल घालू नका. शाफ्टमधून तेल गळत असेल तर मात्र भरून उपयोग नाही, दुरुस्त करून आणावे लागतील. टेलिस्कोपिक असतील तर नवे घ्या, जोडीनं, मूळ प्रकारचे साधे तेलाचे. उच्च दाबाचे गॅसवाले घेतलेत तर गॅस दांडा बाहेर ढकलतो, त्यामुळे गाडी जराशी उचलली जाते, आणि हलक्या जुन्या गाडीत ते उगाच कडक वाटतात.

टायरबद्दल एवढंच, की बाजूवरचा चार अंकी कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत आहे म्हणून दहा-बारा वर्षांचा टायर चांगला ठरत नाही, रबर दगड झालेलं असतं. मापाला मूळच्या जवळ राहा. रुंद टायर म्हणजे पॉवर स्टीअरिंग नसलेल्या गाडीत खांद्याचा व्यायाम आणि किंगपिनवर जादा भार. एका अ‍ॅक्सलवर क्रॉसप्लाय (जुन्या, तिरक्या धाग्यांच्या बांधणीचे) आणि रेडियल (आजच्या बांधणीचे) टायर कधीच मिसळू नका.

एवढं झालं की अलाइनमेंट. यंत्र नसेल तर दोऱ्यानंही होतं. टायरवर खडूची खूण करून पुढून अंतर मोजा, गाडी अर्धा फेरा पुढे ढकला, खूण मागे आली की तिथे मोजा. रिम वाकडी असली तरी आकडा खरा येतो. जॅकवरून उतरवलेली गाडी थोडी पुढे-मागे केल्याशिवाय मोजू नका, चाकं आत ओढलेली राहतात. पुस्तिकेतला आकडा क्रॉसप्लायच्या काळातला असेल आणि तुमचे टायर रेडियल असतील, तर टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत वळलेल्या असणं) सहसा थोडा कमी चालतो.

आता कलण्याची तक्रार उरली असेल तर पैसे अँटीरोल बारवर लावा. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. १६ मिमीच्या जागी १८ चा घातला तर ऐकायला दोनच मिलिमीटर, पण कडकपणा ६० टक्के जास्त. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर बार काहीच करत नाही, त्यामुळे स्पीडब्रेकरवर मऊपणा टिकतो. एकट्या चाकाच्या खड्ड्यात थोडा जाणवेल. फक्त पुढचाच फार जाड केलात तर वळणात गाडी बाहेर जायला बघेल, म्हणून एकच पायरी वाढवा.

गाडी खाली घेण्याचं म्हणाल तर मी विरोधात आहे. कॉइलचे वेढे कापले तर आठाचे सात झाले की स्प्रिंग साधारण १४ टक्के कडक होते आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही; गॅसनं तापवून बसवली तर पोलादाचं पाणीच जातं. आणि काहीही करून खाली घेतली तरी टाय रॉडचा कोन बदलतो, प्रत्येक उसळीला चाकं स्वतःहून जरा वळतात, बंप स्टॉप (चाकाची वरची धाव अडवणारे रबर) आधी लागतात. कॉइलओव्हरला तर आणखी एक अडचण आहे. तुमच्या गाडीत शॉकच्या वरच्या बैठकीला फक्त शॉकचा भार झेलायचा असतो, गाडीचं वजन वेगळ्या जागी टेकलेलं असतं. कॉइलओव्हर ते वजन शॉकच्या बैठकीवर आणतो. जुन्या पत्र्याला तिथे तडे जातात.

हे सगळं एकदम करू नका. पाटे झाले की महिनाभर चालवा, मग रबर, मग शॉक. प्रत्येक टप्प्यावर तोच रस्ता, तोच वेग, टायरमध्ये तेवढीच हवा. टायर जुने निघाले तर तेवढे मात्र सगळ्यांच्या आधी बदला.

चारही कोपऱ्यांची उंची आणि शॉक कुठल्या प्रकारचे आहेत ते लिहा, शॅकल उभा आहे की मागे झोपलाय त्याचा फोटोही टाका. पाट्यांना कमान द्यायची की नुसते साफ करायचे, ते त्यावरून सांगतो.