भाडेकरू निर्वासित, पैसे कॅनडातून, खातं माझं

कोंढव्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं :

"माझ्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांपासून एक अफगाण कुटुंब भाड्यानं राहतं. नवरा, बायको, दोन मुली. तो पुण्यात शिकायला आला होता, २०२१ मध्ये काबूल पडलं आणि परतीची वाट बंद झाली. विद्यार्थी व्हिसा संपला. आता त्यांच्याकडे यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचं, कार्ड आहे. टोरांटोत राहणाऱ्या त्याच्या भावानं चार ओळखीच्यांना घेऊन त्यांना कॅनडात बोलावण्याचा अर्ज २०२३ मध्ये केला, तो अजून पडून आहे. बँक त्यांना खातं देत नाही. भाऊ म्हणतो, दरमहा ४०,००० रुपये तुमच्या खात्यात पाठवतो. १८,००० भाडं कापून उरलेले त्यांना द्या. खातं माझं आणि मुलाचं जोडखातं आहे. मुलगा महसूल खात्यात नोकरीला आहे. तो म्हणतो, आधी त्यांना घराबाहेर काढ. दिल्लीचा एक माणूस २ लाखांत फाइल पुढे सरकवतो म्हणतो. त्यांना सरकारकडून किंवा यूएनकडून काही भत्ता मिळत नाही का?"

बाई, त्या खात्यात एक रुपयाही घेऊ नका, आणि हे भावाला आजच कळवा.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते जोडखातं. परकीय योगदान (नियमन) कायदा, २०१० च्या कलम ३ नुसार सरकारी नोकराला परदेशी स्रोताकडून पैसे घेता येत नाहीत, आणि 'परदेशी स्रोत' या व्याख्येत परदेशी नागरिकही येतो. भाऊ कॅनडाचा नागरिक असो वा अजून अफगाण, फरक पडत नाही. मुलानं त्यातला रुपयाही वापरला नाही, हे मला पटेल. विभागीय चौकशीत मात्र पहिला प्रश्न येईल तो खात्यावरच्या नावाचा. मुलगा चिडला आहे ते वावगं नाही, फक्त धोका घरात आहे असं त्याला वाटतं, तो बँकेच्या खात्यात आहे.

दुसरी अडचण प्राप्तिकराची. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम विनामोबदला आली, तर ती सगळी करपात्र होते. भाडं वगळून उरणारे महिना २२,००० म्हणजे वर्षाला २,६४,०००. ते तुमचे नव्हतेच, तुम्ही नुसते पुढे दिलेत, हे पटवून देण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल. रोख दिलेले पैसे कशानं सिद्ध करणार?

म्हणून भाडं आणि खर्चाचे पैसे वेगळे करा. भाडं भावानं थेट बँकेमार्फत पाठवलं तर चालेल, पण ते फक्त तुमच्या एकटीच्या नावावरच्या खात्यात. सोबत भाडेकरूचं सहीचं पत्र ठेवा की माझ्या वतीनं माझा भाऊ भाडं भरतो. दरमहा पावती द्या आणि ही रक्कम विवरणपत्रात घरभाड्याचं उत्पन्न म्हणून दाखवा. त्याच्या बदल्यात तुम्ही घर दिलेलं असल्यानं ती देणगी ठरत नाही.

उरलेले २२,००० त्या गृहस्थाच्या स्वतःच्या नावावर, पैसे पाठवणाऱ्या अधिकृत कंपनीमार्फत यावेत. रिझर्व्ह बँकेच्या मनी ट्रान्सफर योजनेत एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत आणि एका व्यक्तीला वर्षात ३० वेळा पैसे येऊ शकतात, आणि ५०,००० रुपयांपर्यंतची रक्कम रोख मिळते. म्हणजे यांची गरज त्यात आरामात बसते. घोडं अडतं ते ओळखपत्रापाशी. पासपोर्ट लागतो, आणि व्हिसा संपलेला दिसला की काउंटरवरचा माणूस हात वर करतो. बँकेचंही तेच. यूएनएचसीआरचं कार्ड केवायसीच्या अधिकृत कागदपत्रांच्या यादीत नाही. कोणी 'स्मॉल अकाउंट', म्हणजे पुऱ्या ओळखपत्रांशिवाय निघणारं मर्यादित खातं, काढून देतो म्हणालं तर ओळख पूर्ण पटेपर्यंत त्यात परदेशातून पैसे जमा होत नाहीत, हे लक्षात ठेवा.

मग कोणीतरी हवालाचा रस्ता सुचवेलच : भाऊ तिकडे डॉलर देईल, दिल्लीतला दुकानदार इथे रुपये देईल. परकीय चलनाच्या व्यवहारांसाठीच्या फेमा कायद्याच्या कलम ३ नं हे बंद केलं आहे आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो. निर्वासिताच्या फाइलवर असा डाग पडला तर कॅनडाही विसरा.

तेव्हा सगळी गाठ व्हिसापाशी आहे, आणि ती सोडवायला तुमचेच कागद लागतात. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांसाठी नवा आप्रवास आणि परकीय कायदा लागू झाला. १९४६ चा जुना कायदा गेला, पण घरमालकानं परदेशी भाडेकरूची माहिती कळवायची, ही जबाबदारी राहिली. आपल्याकडे लोक त्याला अजून 'फॉर्म सी' म्हणतात. तो तुम्ही भरला आहे का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून मी भरलेला नाही असंच धरतो. शिवाय महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. तो करून घेणं मालकाचं काम आहे, भाडेकरूचं नाही, आणि कसूर झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. भाडेकरूकडे आधार नसेल तर ऑनलाइन नोंदणीच्या भानगडीत न पडता दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जा. हे दोन्ही कागद आणि विजेचं बिल नसेल तर व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. पुण्यात हे काम पोलीस आयुक्तालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे आहे आणि अर्ज ई-एफआरआरओ या परकीयांच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर होतो.

मात्र व्हिसा संपलेला असताना त्यांना एकटं पाठवू नका. नव्या कायद्यात मुदतीनंतर राहिल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, ख्रिश्चन वगैरे अल्पसंख्याकांना सरकारनं जी सूट दिली, ती या मुस्लिम कुटुंबाला नाही. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, म्हणून कार्ड हा काही परवाना नव्हे. तरीही त्याला वजन आहे. १९९८ मध्ये गुजरात उच्च न्यायालयानं यूएनएचसीआरचं प्रमाणपत्र असलेल्या दोन इराकींना परत धाडू दिलं नव्हतं, आणि जगण्याचा हक्क परकीयांनाही आहे हे सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सांगितलं. वकील सोबत घेऊन, कार्ड जोडून, केंद्रीय गृहखात्याच्या २०११ च्या पद्धतीनुसार दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज करावा. तो मिळाला तर खासगी नोकरीची परवानगी मिळते आणि बँकेचं दारही उघडू शकतं. मिळेलच, असं मी म्हणत नाही.

आता भत्त्याचं. तमिळनाडूतल्या छावण्यांतल्या श्रीलंकेच्या निर्वासितांना तिथलं राज्य सरकार दरमहा रोख मदत देतं. अफगाणांसाठी कोणत्याही सरकारची तशी योजना नाही. यूएनएचसीआर अगदी हलाखीतल्यांना मर्यादित निर्वाहभत्ता देतं : एकट्या बाया, पालकाविना मुलं, गंभीर आजारी, वृद्ध. तो हक्क नव्हे, घराची पाहणी करून ठरतो, आणि २०२५ मध्ये त्या संस्थेचाच निधी आटला. धडधाकट पुरुष असलेल्या घराला तो मिळेल असं धरून महिन्याचा हिशेब मांडू नका. कुणी आजारी असेल तर मात्र डॉक्टरांच्या कागदांसह दिल्ली कार्यालयाला जरूर कळवा. मुली ६ ते १४ वयातल्या असतील तर शिक्षणहक्क कायदा 'प्रत्येक मूल' म्हणतो. तुम्ही शिक्षिका, शाळा गाठणं तुम्हाला जमेल.

भावाचा एक गैरसमज असावा असा मला संशय आहे. पाच जणांच्या गटानं प्रायोजक व्हायचं तेव्हा कुटुंब कॅनडात उतरल्यापासून १२ महिने सांभाळण्याची हमी द्यावी लागते. त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे इथल्या भाड्यात गेले तर तिकडची हमी लंगडी पडेल. महिन्याचे ४०,००० त्याच्या स्वतःच्या पगारातून जातात की त्या निधीतून, हे त्याला स्पष्ट विचारा. अशा गटांचे नवे अर्ज कॅनडानं नोव्हेंबर २०२४ अखेर थांबवले. यांचा त्याआधीचा आहे, तेव्हा तो मागे घेऊन पुन्हा करू असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या अर्जाचा पायाही यूएनएचसीआरची मान्यता हाच आहे. कार्डाची मुदत संपू देऊ नका. प्रवासखर्चाची चिंता आता नको, कॅनडा सरकार त्यासाठी बिनव्याजी कर्ज देतं आणि जाण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीचा खर्चही उचलतं. इथून निघताना मात्र भारताची बहिर्गमन परवानगी, म्हणजे देश सोडण्याची परवानगी, लागेल. तिकीट हातात आलं आणि परवानगी नाही म्हणून लोक अडकतात. तिथेही पुन्हा तुमचा करार आणि फॉर्म सी मागतील.

दिल्लीच्या त्या माणसाला पैसे देऊ नका. निर्वासितांना दुसऱ्या देशात वसवण्याच्या कोणत्याही टप्प्याला यूएनएचसीआर शुल्क घेत नाही, आणि लाच किंवा खोटे कागद उघडकीला आले तर फाइलच बंद होते. त्याचे मेसेज जपून ठेवा आणि यूएनएचसीआरकडे तक्रार करायला सांगा.

राहिलं घराबाहेर काढणं. ठेवायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण मुदत आणि नोटीस न पाळता काढायचं नाही, वीज-पाणी तोडायचं नाही. आणि मुलाला सांगा, फॉर्म सी न भरल्याची तीन वर्षं त्यांना काढल्यानं पुसली जात नाहीत. सोमवारी वकिलाला घेऊन आधी तेच काम उरका.