एबेनेझर कोण होता?

प्रश्न : ताई, इंग्लंडमध्ये उत्तर डेव्हनमधल्या एका खेड्यात आम्ही जुनं चॅपल (गावच्या मुख्य चर्चहून वेगळ्या पंथाचं प्रार्थनाघर) विकत घेऊन त्याचं घर केलं आहे. दारावर दगड आहे, 'एबेनेझर, बायबल ख्रिश्चन, १८५९'. हा एबेनेझर कोण, त्यानेच हे बांधलं का, हे पाहायला गावच्या चर्चच्या नोंदवह्या चाळल्या. एबेनेझर नाही आणि चॅपलचा उल्लेखही नाही. शेजारच्या आजी म्हणतात, 'तुमच्या स्वयंपाकघरात माझा बाप्तिस्मा झालाय.' मग कागद गेले कुठे? (एक वाचक, डेव्हन)

उत्तर : एबेनेझर हा माणूस नव्हे, दगड आहे. वाईट वाटून घेऊ नका. रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जुन्या कागदांच्या दफ्तरखान्यात, कामाला लागले त्या वर्षी मी 'बेथेल' नावाच्या दानशूर बाईला शोधत दोन दुपारी घालवल्या होत्या. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात लढाई जिंकल्यावर शमुवेल एक धोंडा उभा करतो आणि त्याला एबन-एजर म्हणतो, साहाय्याचा धोंडा. परमेश्वराने इथवर निभावून नेलं, असा त्याचा भाव. पै पै जमवून चार भिंती उभ्या राहिल्या की शेतमजुरांच्या तोंडी हे नाव आपसूक येई. एबेनेझर, बेथेल, झायन, प्रॉव्हिडन्स अशी पाचसहाच नावं जिल्हाभर फिरतात. आपल्याकडे दर आळीत एक 'श्रीकृपा' आणि एक 'मातोश्री' असते, तसं.

दगडावरचे पुढचे दोन शब्द जास्त कामाचे आहेत. बायबल ख्रिश्चन हा मेथडिस्टांचाच एक फाटा, आणि मेथडिस्ट म्हणजे एकच पंथ असं धरून शोधायला बसलं की माणूस भरकटतो. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा जॉन वेस्ली १७९१ साली वारला तोवर स्वतःला चर्च ऑफ इंग्लंडचाच, म्हणजे देशाच्या अधिकृत चर्चचाच, पाद्री म्हणवत होता. त्याच्या माघारी फाटे फुटले. १७९७ मध्ये न्यू कनेक्शन वेगळं झालं, पुढे प्रिमिटिव्ह मेथडिस्ट आले, आणि तुमच्या मुलखात बायबल ख्रिश्चन. विल्यम ओब्रायन नावाच्या उपदेशकाने ऑक्टोबर १८१५ मध्ये शेबेअर गावच्या लेक या शेतघरात बावीस माणसांची मंडळी जमवली, तिथून हा पंथ निघाला. शेबेअर उत्तर डेव्हनमध्येच आहे, एखाद्या रविवारी गाडी काढून जाऊन या. या लोकांनी सुरुवातीपासून बायकांना उपदेशक म्हणून गावोगाव पाठवलं. त्या काळी ते सभ्य लोकांना फारसं रुचलं नव्हतं. मला स्वतःला हा पंथ इतरांपेक्षा जवळचा वाटतो, त्याला हे एक कारण.

१९०७ मध्ये बायबल ख्रिश्चन आणखी दोन शाखांबरोबर युनायटेड मेथडिस्ट झाले. २० सप्टेंबर १९३२ रोजी ते, वेस्लियन (वेस्लीची मूळ शाखा) आणि प्रिमिटिव्ह असे सगळे मिळून आजचं मेथडिस्ट चर्च झालं. म्हणजे तुमच्या एका इमारतीची सूचीत तीन नावं असणार. शिवाय १९३२ नंतर एकाच खेड्यात, एकाच पंथाची, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर दोन दोन चॅपलं उरली. त्यातली कित्येक पुढे बंद पडून विकली गेली. कुठे गॅरेज झालं, कुठे गोदाम, आणि आता तुमच्यासारखी घरं.

आता कागद. तुम्ही गाव धरून शोधलंत, तिथे चुकलं. चॅपलचे कागद गावाचे नसतात, सर्किटचे असतात. सर्किट म्हणजे फेरी. एक पाळक, फार तर दोन-तीन, आणि त्यांच्याकडे दहा, पंधरा, कधी त्याहून जास्त चॅपलं. पाळकही दोन-तीन वर्षांनी बदलून जाई. बाप्तिस्म्याची वही बहुधा अख्ख्या सर्किटची एकच, ती पाळकाजवळ असे. शेजारच्या आजींचं नाव तुमच्या गावाखाली मिळणार नाही. ज्या बाजारपेठेच्या गावात सर्किटचं मुख्य ठाणं होतं, त्या गावाच्या नावाखाली बघा. सर्किटच्या हद्दीही बदलत राहिल्या, एक मोडून दोन झाली, दोनांची पुन्हा एक. म्हणून रेकॉर्ड ऑफिसच्या काउंटरवर पहिला प्रश्न हाच विचारायचा, '१८५९ मध्ये हे चॅपल कोणत्या सर्किटात होतं?' तुमच्यासाठी ते ऑफिस बार्नस्टेपलला आहे. तिथे काही निघालं नाही तर एक्सेटर.

सर्किटचा सगळ्यात गोड कागद म्हणजे प्लॅन. दर तिमाहीला छापायचा. एसटी स्टँडवरचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. डावीकडे चॅपलांची नावं आणि प्रार्थनेच्या वेळा, वर रविवारच्या तारखा, आणि प्रत्येक चौकटीत नुसता आकडा. आकडा म्हणजे माणूस. बाजूला यादी असते, १ म्हणजे मुख्य पाळक, मग खाली लोहार, चांभार, शेतकरी, खाणकामगार असे बिनपगारी उपदेशक, आणि अगदी तळाशी अजून परीक्षा पाहणं चालू असलेली पोरं. आठवडाभर नांगर धरायचा आणि रविवारी आठ-दहा मैल चालत जाऊन दुसऱ्याच्या गावात उपदेश करायचा. मी हाताळलेला पहिला प्लॅन एका म्हातारीच्या कपाटाच्या खणात अंथरलेला होता, वर चमचे. घडीवर फाटलेला, आणि सतरा नंबरच्या नावावर पेन्सिलीने काट मारलेली. तो माणूस वारला, रुसला की दारू प्यायला लागला, कागद सांगत नाही. त्याच सर्किटच्या तिमाही बैठकीचं इतिवृत्त मिळालं तेव्हा कळलं. तो अमेरिकेला गेला होता.

दुसरी वही मागवा ती विश्वस्तांच्या हिशेबाची. लोक बाप्तिस्मे बघतात आणि निघून जातात, हिशेब उघडतच नाहीत. चॅपलची मालकी विश्वस्तांच्या नावे असे आणि कर्जही त्यांच्याच डोक्यावर. म्हणून ही मंडळी पेनी-पेनी लिहून ठेवत. मेणबत्त्या किती, कोळसा किती, चिमणी झाडणाऱ्याला काय दिलं, बाकांच्या भाड्याचे किती आले. हो, बाकांना भाडं होतं. कोण पुढे बसे आणि कोण 'मोफत' बाकावर मागे, हे त्या पानांवर दिसतं. वर्धापनदिनाच्या चहापानाच्या नोंदी तर मी कादंबरीसारख्या वाचते. चहा, साखर, लोणी, केक, उसने आणलेले कप, त्यातले फुटलेले कप आणि फुटलेल्यांची भरपाई. तुमच्या बागेत खणताना चॅपलचं नाव छापलेला चिनी मातीचा तुकडा निघाला तर टाकू नका. पुष्कळ चॅपलांनी पुढे स्वतःचे कप करवून घेतले, ते बहुधा या भरपाईला कंटाळूनच.

विश्वस्त कोण होते हे मूळ ट्रस्टच्या दस्तात असतं, नावापुढे व्यवसायासकट. तुमचा खरा 'एबेनेझर' तिथे आहे, आठ-दहा जणांच्या रूपात. दस्त हरवला असेल तरी आशा सोडू नका. १७३६ च्या कायद्याने असे दस्त लंडनच्या चॅन्सरी कोर्टात नोंदवावे लागत. त्या नकला क्लोज रोल नावाच्या चामड्याच्या गुंडाळ्यांत आहेत, राष्ट्रीय अभिलेखागारात, क्यू इथे. आधी मात्र तुमच्या सॉलिसिटरला विचारा. घराची नोंदणी संगणकावर गेल्यावर जुनी खतं निरुपयोगी म्हणून फेकली जातात. त्याच्याकडे पुडकं असेल तर आजच मागून घ्या. त्यात मेथडिस्टांनी विकताना घातलेली अट सापडण्याची शक्यता आहे, इथे दारू विकू नये, जुगार चालवू नये. जेवणाबरोबर ग्लासभर वाइन घेण्याबद्दल मी काही बोलत नाही.

एक गोष्ट राहिली. १८५९ हे इमारतीचं साल आहे, मंडळीचं नव्हे. त्याआधी ही माणसं कुणाच्या तरी स्वयंपाकघरात नाहीतर धान्याच्या कोठारात जमत असणार. रविवार ३० मार्च १८५१ रोजी सरकारने इंग्लंड-वेल्समधल्या प्रत्येक प्रार्थनास्थळाची मोजदाद केली. ते फॉर्म क्यूला एचओ १२९ या क्रमांकाखाली आहेत. इमारत कधी बांधली, ती फक्त प्रार्थनेसाठीच आहे का, मोफत जागा किती, त्या दिवशी सकाळी, दुपारी, संध्याकाळी किती लोक आले, असं सगळं विचारलं होतं. 'फक्त प्रार्थनेसाठी का?' याला 'नाही' असं उत्तर दिसलं की समजायचं, कुणाचं तरी राहतं घर आहे. खाली सही करणाऱ्याचा हुद्दा असतो, आणि शेऱ्यांच्या रकान्यात सबबी. पाऊस होता, साथ होती, आज उपदेशक आलाच नाही.

आणि दगड रंगवू नका. अक्षरं पुसट असतील तर उन्हं तिरपी असताना फोटो काढा, सावलीत कोरीव स्पष्ट उठतं.

प्रश्न : माझी सून लिंकनशरची, इंग्लिश. नातवाच्या शाळेने वंशवृक्ष मागितला म्हणून मी तिच्या बाजूचा बघायला घेतला. तिचे पूर्वज शेतमजूर आणि कट्टर प्रिमिटिव्ह मेथडिस्ट, असं घरात सांगतात. पण लग्न १८३१ मध्ये गावच्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, चर्चमध्ये लागलेलं, पुरलंही तिथेच, १८६८ मध्ये. मग ते मेथडिस्ट होते की नव्हते? (एक आजोबा, नॉटिंगहॅम)

उत्तर : होते, आजोबा. लग्न कुठे लावायचं हे त्यांच्या हातात नव्हतं. १७५३ च्या कायद्याने क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना चर्च ऑफ इंग्लंडमध्येच लग्न लावणं भाग होतं. १ जुलै १८३७ पासून चॅपलमध्ये लावता येऊ लागलं. पण त्यासाठी चॅपलची वेगळी नोंदणी हवी आणि १८९८ चा कायदा होईपर्यंत सरकारी रजिस्ट्रार समोर हजर हवा. खेड्यातला मजूर कशाला त्या फंदात पडेल? पुरण्याचंही तसंच. बहुतेक खेड्यांतल्या चॅपलांना स्वतःची दफनभूमी नव्हती. गावच्या चर्चच्या आवारात आपल्या पद्धतीने पुरायची मुभा १८८० मध्ये मिळाली. म्हणजे १८६८ च्या त्या अंत्यविधीला मंत्र अँग्लिकन पाद्र्याचे, आणि भोवती उभी माणसं चॅपलची.

तुम्ही मुलांचे बाप्तिस्मे बघा. १८३७ नंतर सरकारने चॅपलांच्या जुन्या वह्या गोळा केल्या. त्या क्यूला आरजी ४ या क्रमांकाखाली आहेत आणि घरबसल्या पडद्यावर दिसतात. त्यानंतरच्या वह्या लिंकनच्या रेकॉर्ड ऑफिसात, सर्किटच्या नावाने. तीन-चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झालेला दिसला तर गोंधळू नका, पाळकाची फेरी त्या दिवशी आली होती एवढंच.

नातवाला एक गोष्ट जरूर सांगा. डॉर्सेटमधल्या टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना १८३४ मध्ये संघटना बांधताना गुप्त शपथ दिल्याच्या आरोपावरून सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियाला धाडलं. सहातले पाच मेथडिस्ट होते, आणि पुढारी जॉर्ज लव्हलेस चॅपलचा उपदेशक. १८७२ मध्ये शेतमजुरांची राष्ट्रीय युनियन काढणारा जोसेफ आर्च हा तर तुमच्या सुनेच्याच पंथाचा, प्रिमिटिव्ह मेथडिस्ट उपदेशक. उभं राहून बोलायचं कसं, वर्गणी गोळा करून हिशेब ठेवायचा कसा, हे या लोकांना शिकवायला दुसरी शाळा नव्हती. सुनेच्या पूर्वजांचं नाव प्लॅनवर मिळालं, अगदी तळाच्या यादीत का होईना, तर मला कळवा.

प्रश्न : माझी पणजी पुण्यात मेथडिस्ट शाळेत शिकवत असे. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात मेथडिस्टांचं मोठं दफ्तर आहे असं वाचलं. तिथे लिहू का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नका लिहू. ते ब्रिटिश मेथडिस्टांचं दफ्तर. मुंबई-पुण्याकडे जे मेथडिस्ट रुजले ते अमेरिकन. कॅलिफोर्नियात नाव कमावलेला विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आला, तिथून सुरुवात. ब्रिटिश वेस्लियन मिशनचा जोर मद्रास, म्हैसूर, हैदराबादकडे होता, आणि त्या मिशनचे कागदही मँचेस्टरला नाहीत, लंडनला सोआस या विद्यापीठ-संस्थेत आहेत. तुमचा पत्ता अमेरिकेतला, न्यू जर्सीत मॅडिसन गावी ड्रू विद्यापीठाच्या आवारात त्या चर्चचं अभिलेखागार आहे. तिथे कॉन्फरन्सचे, म्हणजे चर्चच्या प्रादेशिक परिषदेचे, छापील वार्षिक अहवाल मागा, शाळा कुठे होत्या आणि कुणाच्या हाताखाली, हे त्यांत असतं. त्याआधी पुण्यातल्याच चर्चच्या पाळकांना भेटून जुनं कपाट उघडायची विनंती करा. जाताना मऊ ब्रश न्या, आणि वाळवीची तयारी ठेवा.