जॅझच्या काळातली अमेरिका: पार्ट्या सोडा, हप्ते बघा

प्रश्न असा आहे की १९२० च्या दशकातली अमेरिकेची भरभराट खरी होती की नुसता देखावा, आणि जॅझ, आखूड केस, चोरटी दारू यांचा त्या पैशाशी संबंध काय. "सगळा फुगाच होता" हे ठरलेलं उत्तर मला पटत नाही. कारखाने खरे होते, गाड्या खऱ्या होत्या, घराघरांत दिवे खरंच लागले होते. मेख होती ती हे सगळं कोणाच्या पैशाने आणि कधीच्या पैशाने घेतलं जात होतं यात.

फोर्डपासून सुरू करू. त्याची मॉडेल टी ही गाडी १९०८ मध्ये आली तेव्हा साधारण ८५० डॉलरला होती. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली आणि बारा तासांहून जास्त वेळ खाणारं सांगाड्याचं काम दीड तासावर आलं. १९२५ मध्ये सर्वांत साधी मॉडेल टी २६० डॉलरला मिळत होती. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पण हेन्री फोर्डला उधारीचं वावडं होतं. १९२३ मध्ये त्याने योजना काढली ती अशी: गिऱ्हाइकाने दर आठवड्याला पाच डॉलर जमा करत जायचं आणि पूर्ण किंमत भरली की गाडी न्यायची. म्हणजे आपलं रिकरिंग खातंच.

जनरल मोटर्सने १९१९ मध्येच गाड्यांसाठी कर्ज देणारी स्वतःची कंपनी उभी केली होती. साधारण एक तृतीयांश रक्कम आज द्या, गाडी आजच न्या, उरलेले पैसे वर्षभरात फेडा. माणसं कुठल्या दुकानात गेली असतील ते सांगायला नको. शिवाय जनरल मोटर्सचा प्रमुख अल्फ्रेड स्लोन याने दरवर्षी नवं मॉडेल आणायचा पायंडा पाडला, म्हणजे चालती गाडीसुद्धा दोन वर्षांत जुनाट वाटायला लागली. १९२७ मध्ये दीड कोटी गाड्या बनवून मॉडेल टी बंद झाली आणि जनरल मोटर्सची शेव्हरोले पुढे निघून गेली. दशक संपताना निम्म्याहून बऱ्याच जास्त गाड्या हप्त्यांवर जात होत्या. रस्त्यावरच्या मोटारी १९२० मध्ये ८० लाखांच्या आसपास होत्या, १९२९ मध्ये सव्वादोन कोटींच्या वर.

ऋण काढून सण करायची लाज तिथल्या मध्यमवर्गालाही होती. शिलाई मशीन, पियानो हप्त्यांवर आधीपासून घेत असत, पण त्याची वाच्यता करत नसत. मोटारीने ती लाज घालवली. मग रेडिओ, धुलाई यंत्र, फ्रिज हे सगळं त्याच वाटेने घरात आलं. माझ्या मते त्या दशकातला सर्वांत मोठा सामाजिक बदल हाच. आखूड झगे त्याच्या मागून आले. तरुण पोरगा मुलीला तिच्या आईवडिलांसमोर दिवाणखान्यात बसून भेटायचा, तो आता तिला गाडीत घालून गावाबाहेर नेऊ लागला. पाद्री संतापले ते यावर. स्त्रियांना १९२० मध्ये देशभर मतदानाचा हक्क मिळाला हे मोठंच, पण रोजच्या जगण्याच्या मोकळेपणात गाडीच्या किल्लीचा वाटा मी जास्त धरतो. दारूबंदीबद्दल एवढंच की तिने दारू महाग केली, गुंडांना श्रीमंत केलं आणि चोरट्या अड्ड्यांवर वाजवणाऱ्यांना काम दिलं.

आता जॅझ. पहिल्या महायुद्धात युरोपातून येणारे मजूर थांबले आणि उत्तरेकडच्या कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून, आणि तिथल्या गोऱ्यांच्या दहशतीतून, काळी कुटुंबं शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्ककडे निघाली. त्यांच्या मागोमाग संगीत गेलं. ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग १९२२ मध्ये न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये दाखल झाला. त्याआधी १९२० मध्ये मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेची ब्लूजची (काळ्यांच्या लोकसंगीताची) रेकॉर्ड तडाखेबंद खपली होती आणि काळा मजूरही ग्रामोफोन घेतो, रेकॉर्डी घेतो, हा शोध कंपन्यांना लागला होता. म्हणून जॅझला निव्वळ श्रीमंतांच्या पार्टीचं संगीत म्हणणं चूक आहे. गंमत पुढे आहे: १९२७ मध्ये ड्यूक एलिंग्टनचा बँड न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या कॉटन क्लबात वाजवू लागला, तेव्हा मंचावरचे कलाकार काळे आणि टेबलांवर बसलेले गिऱ्हाईक गोरे असा तिथला रिवाज होता. हार्लेमच्याच काळ्या रहिवाशाला तिथे गिऱ्हाईक म्हणून दार बंद.

अशी बंद दारं बऱ्याच ठिकाणी होती. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पंजाबहून आलेल्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला, आणि आधी दिलेली नागरिकत्वंही सरकार काढून घेऊ लागलं. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच पाळी आली. ते स्वतःची केस लढले आणि जिंकले. १९२४ च्या कायद्याने आशियातून येणाऱ्यांना जवळजवळ पूर्ण बंदी झाली.

शेतकऱ्यांचं तर दशक सुरू होतानाच बसलं. युद्धात गव्हाला भाव होता म्हणून कर्ज काढून जमिनी घेतल्या, ट्रॅक्टर घेतले. १९२० नंतर भाव कोसळला, कर्ज तसंच राहिलं. शेतमालाच्या भावाला आधार देणारं विधेयक काँग्रेसने (तिथल्या संसदेने) दोनदा मंजूर केलं, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी १९२७ आणि १९२८ मध्ये दोन्ही वेळा ते नाकारलं. १९३० मध्ये शहरात बहुतेक घरांत वीज होती, शेतांवर दहापैकी एकाकडे. ब्रुकिंग्ज या संशोधन संस्थेने नंतर हिशेब मांडला त्यानुसार १९२९ मध्येसुद्धा ६० टक्के कुटुंबांचं उत्पन्न वर्षाला २,००० डॉलरच्या खाली होतं, म्हणजे जेमतेम गरजा भागतील याच्याही आत. कारखान्यांचं उत्पादन वाढलं त्या वेगाने मजुरी वाढली नाही, मधली फट हप्त्यांनी बुजवली.

"मग एका दिवसात सगळं कसं संपलं?" हा उरलेला भाग. एका दिवसात संपलं नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार पडला तेव्हा बहुसंख्य अमेरिकनांकडे एकही शेअर नव्हता. हप्ते मात्र होते. आणि त्या करारांतली अट कडक होती: हप्ता थकला की वस्तू परत, आणि तोवर भरलेले पैसेही बुडाले. बारापैकी नऊ हप्ते भरलेला माणूस काय करेल? गाडी वाचवण्यासाठी बाकी सगळी खरेदी बंद करेल. नवे कपडे नाहीत, नवा रेडिओ नाही, नवी गाडी तर नाहीच. १९३० मध्ये घरगुती खर्च एवढा घसरला त्याचं एक मोठं कारण काही आर्थिक इतिहासकार हेच देतात. दुकानात माल पडून राहिला, कारखान्याने माणसं काढली, आणि ज्यांना काढलं त्यांच्या दारात हप्त्यावरची गाडी उभी होतीच.