धुळ्याहून कोल्हापूरला जाताना पुण्यात मेट्रोने स्वारगेट गाठणं जमतं का, एसटी तिथूनच मिळते का?

जमतं ना भाऊ, आरामात. धुळ्याची गाडी नाशिक, मंचरवरून पुण्यात येते आणि वाकडेवाडीला थांबते (शिवाजीनगरचा स्टँड आता तिकडेच नेलाय), पण कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या गाड्या स्वारगेटच्या. मग तेवढ्यासाठी रिक्षावाल्याशी कशाला घासाघीस करायची, कंडक्टरला आधीच सांगून ठेवायचं आणि नाशिक फाट्यालाच उतरून घ्यायचं. तिथूनच मेट्रो आहे, कुठे बदलायची नाही, स्वारगेट हे शेवटचंच स्टेशन त्यामुळे झोप लागली तरी चालते. शिवाजीनगरपासून पुढे गाडी जमिनीखालून जाते, त्यातला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा शेवटचा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला.

जळगाव, नगरमार्गे येणाऱ्यांनी मात्र रामवाडीला उतरावं, तिथून मेट्रो पकडावी आणि सिव्हिल कोर्टला गाडी बदलावी.

स्वारगेटला वर आलं की एसटी स्टँड चालत जाण्याइतका जवळ, पीएमपीचा (म्हणजे शहरातल्या बसचा) स्टँडही शेजारीच, कात्रज, हडपसरकडे जायचं असेल तर तो. दोन्ही वेगळे आहेत बरं का, गावाकडची माणसं हमखास पीएमपीच्या रांगेत उभी राहतात.

मेट्रो स्टेशनात आत जाताना सामान मशीनमधून जातं, तेव्हा भरताच्या वांग्यांची गोणी असेल तर तोंड नीट शिवून घ्या नाहीतर पट्ट्यावर वांगी गोळा करत बसावं लागतं आणि मागचे लोक बोंबलतात. रातराणीने पहाटे चारला पोचलात तर मेट्रो बंद असते, सहाला सुरू होते, तेव्हा सरळ रिक्षाच करा.